पूर्व आशियाचा अभ्यास आणि कोरियन भाषा : महाविद्यालय निवडण्यापूर्वी थोडा इतिहास



बारावीनंतर किंवा पदवीनंतर कोरियन शिकावे असे तुमच्यापैकी अनेकांना वाटते. मालिका आणि गाण्यांमुळे ओढ निर्माण होते आणि मग प्रश्न येतो, प्रवेश कुठे घ्यावा? या पाठात आपण महाविद्यालयांची क्रमवारी लावणार नाही. भारतात पूर्व आशियाचा अभ्यास कोणत्या काळात आणि कोणत्या गरजेतून उभा राहिला, हे पाहू. संस्था ज्या हेतूने जन्मते, त्याची छाप तिच्या अभ्यासक्रमावर आणि ग्रंथालयावर दीर्घकाळ राहते. ती छाप ओळखता आली तर निवड सोपी होते.

१. पहिला टप्पा : ग्रंथ आणि धर्म

रवींद्रनाथ टागोर 1916 मध्ये जपानला आणि 1924 मध्ये चीनला गेले. त्या संबंधांतून 14 एप्रिल 1937 रोजी शांतिनिकेतनात चीना भवन सुरू झाले. तान युन-शान हे त्याचे पहिले संचालक. येथील अभ्यासाचा गाभा होता बौद्ध ग्रंथ. मूळ संस्कृत ग्रंथ नष्ट झाले, पण त्यांची चिनी भाषांतरे उरली, म्हणून अभ्यासकांना चिनी शिकणे भाग होते. पुण्यात पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे अभ्यासक याच वाटेने चिनी ग्रंथांकडे वळले.

या टप्प्यात कोरिया जवळजवळ अदृश्य होता. 1910 ते 1945 या काळात तो जपानची वसाहत होता. टागोरांनी 1929 मध्ये कोरियाला उद्देशून लिहिलेल्या चार ओळी तेथे आजही आठवल्या जातात, पण भारतात कोरियन शिकवण्याची सोय त्यातून झाली नाही.

२. दुसरा टप्पा : युद्ध आणि राजकारण

स्वतंत्र भारताचा कोरियाशी पहिला मोठा संबंध युद्धातून आला. 1950 च्या अखेरीस लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक कोरियात पोहोचले. 1953 मध्ये युद्धबंदी झाल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष कैद्यांचा ताबा असलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते मराठी सेनाधिकारी मेजर जनरल शं. पां. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. 22,000 हून अधिक कैदी त्यांच्या ताब्यात होते. त्या प्रत्येकाला परत जायचे आहे की नाही हे विचारायचे, तर दुभाष्याशिवाय काम चालणे शक्य नव्हते. शेवटी दोन्ही बाजू नाकारणारे 88 कैदी भारतीय दलाबरोबर भारतात आले.

याच प्रसंगावर आधारलेली, चोई इन-हुन यांची 'क्वांगजांग' ही कादंबरी 1960 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक तटस्थ देशाकडे निघालेल्या जहाजावर आहे आणि त्या जहाजाचे नाव 'टागोर' आहे. म्हणजे आपल्या सैनिकांच्या त्या कामगिरीची दुसरी बाजू कोरियन भाषेत लिहिलेली आहे. थोरातांच्या आठवणी इंग्रजीत आहेत. दोन्ही बाजू मुळातून वाचणारा अभ्यासक भारतात आजही विरळाच.

भारतात मात्र संस्था उभ्या राहिल्या त्या चीनच्या काळजीतून. 1955 मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज स्थापन झाले आणि 1970 मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. 1962 च्या युद्धानंतर, 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात चीन अभ्यास केंद्र सुरू झाले. पुढे त्यात जपान आणि नंतर कोरिया यांची भर पडून आजचा पूर्व आशिया अभ्यास विभाग घडला. येथे भाषा हे साधन आहे. इतिहास, राजकारण आणि अर्थव्यवस्था हे विषय.

३. तिसरा टप्पा : व्यापार

भारत आणि दक्षिण कोरिया यांचे पूर्ण राजनैतिक संबंध 1973 मध्ये प्रस्थापित झाले. खरा बदल 1991 च्या आर्थिक धोरणानंतर आला. चेन्नईजवळ ह्युंदाईचा कारखाना आणि पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आला, आणि दुभाषी व अनुवादकांची मागणी वाढली. 2010 मध्ये दोन्ही देशांतील व्यापक आर्थिक भागीदारी करार अमलात आला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक स्तरावर देता येणाऱ्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचा उल्लेख आहे. आज अनेक ठिकाणी दिसणारे प्रमाणपत्र वर्ग या टप्प्यातले आहेत. त्यांचा भर बोलणे, पत्रव्यवहार आणि टोपिक परीक्षेवर असतो.

४. मग निवड कशी करावी?

आता स्वतःला विचारा : मला भाषा हवी आहे, की त्या भाषेतून एखादा विषय?

भाषा आणि साहित्य हवे असेल तर कोरियनमधील बी. ए. (ऑनर्स) पाहा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन अभ्यास केंद्र भाषा विभागात आहे, तर पूर्व आशिया अभ्यास केंद्र आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात आहे. एकाच आवारातली ही दोन दारे वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. अर्ज करताना ती एक समजू नका.

इतिहास हवा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हंगुल ही लिपी राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली, तरी राजदरबाराचा कारभार पुढेही शतकानुशतके अभिजात चिनीतच चालला. आठव्या शतकात भारतात आलेल्या ह्येचो या कोरियन भिक्षूचे प्रवासवर्णनही चिनीतच आहे. 1908 मध्ये ते दुनहुआंगला सापडले. वसाहतकाळाची असंख्य कागदपत्रे जपानीत आहेत. म्हणून जिथे कोरियनच्या शेजारी चिनी किंवा जपानी शिकता येते, ती संस्था इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक उपयोगी.

आणि घराजवळ यातले काहीच नसेल तर? निराश होऊ नका. आपल्याच गावी इतिहास किंवा अर्थशास्त्रात चांगली पदवी घ्या, सोबत भाषेचे प्रमाणपत्र किंवा पदविका करा आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पूर्व आशिया विभागात जा. हा मार्ग दुय्यम नाही. विषयाची पक्की बैठक असलेला विद्यार्थी तेथे मागे पडत नाही.

संस्थेला भेट द्याल तेव्हा चार गोष्टी विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मूळ कोरियनमधून काय वाचतात? ग्रंथालयात कोरियन पुस्तके आहेत का? मागील विद्यार्थी टोपिकच्या सहापैकी कोणत्या पातळीपर्यंत पोहोचले? माहितीपत्रकातल्या रंगीत छायाचित्रांपेक्षा ही उत्तरे अधिक सांगतात.

सारांश

भारतात पूर्व आशियाचा अभ्यास ग्रंथ, राजकारण आणि व्यापार अशा तीन गरजांतून वाढला. प्रत्येक संस्थेत यांपैकी एखादी छटा गडद असते. आपली गरज कोणती हे तुम्हाला ठाऊक असेल, तर संस्थेचे नाव मोठे की लहान हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो.

स्वाध्याय

१. 1964 मध्ये दिल्लीत चीन अभ्यास केंद्र सुरू होण्यामागील राजकीय पार्श्वभूमी स्पष्ट करा.
२. आधुनिकपूर्व कोरियाच्या अभ्यासकाला अभिजात चिनी का लागते?
३. तुमच्या जवळच्या एका संस्थेचा अभ्यासक्रम मिळवा आणि तो वरील कोणत्या टप्प्याशी जुळतो, ते उदाहरणांसह लिहा.