खाव्हिएर

खाव्हिएर : एक स्पॅनिश पुरुषनाम. मुळात हे व्यक्तीचे नव्हे, वाड्याचे नाव होय. स्पेनच्या उत्तर भागातील नाव्हार प्रांतात या नावाचा एक किल्ला असून, बास्क भाषेतील ‘एचे’ (घर) व ‘बेरी’ (नवे) या शब्दांच्या समासापासून ते सिद्ध झाले, असे मानतात. बास्क ही इंडो-यूरोपीय कुळाबाहेरील भाषा असल्याने जगभर स्पॅनिश म्हणून परिचित असलेले हे नाव व्युत्पत्तिदृष्ट्या स्पॅनिश ठरत नाही. आपल्याकडील ‘नवघर’ या ग्रामनामाशी त्याचा अर्थ तंतोतंत जुळतो.

व्यक्तिनाम म्हणून त्याचा प्रसार संत फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) याच्यामुळे झाला. त्याचा जन्म या किल्ल्यात झाला. त्याच्या पित्याचे घराणे हास्सो, तर किल्ला मातेकडून आलेला. कॅस्टीलने १५१२ मध्ये नाव्हारचे राज्य जिंकले आणि १५१६ मध्ये किल्ल्याचे बुरूज पाडण्यात आले. ६ मे १५४२ रोजी झेव्हिअर गोव्यात उतरला, तो या भग्न वास्तूचे नाव घेऊनच. अकबराच्या दरबारी १५९५ मध्ये आलेला जेझुइट धर्मोपदेशक जेरोनिमो हा त्याच्या नात्यातील. त्यानेही आपले एस्पेलेता हे कुलनाम सोडून झेव्हिअर हेच नाव धारण केले. १६२२ मध्ये फ्रान्सिसला संतपद मिळाल्यानंतर कॅथलिक देशांत मुलांना ‘फ्रांसिस्को खाव्हिएर’ असे जोडनाव देण्याची प्रथा पडली व पुढे त्याचा उत्तरार्ध स्वतंत्रपणे रूढ झाला. इटालियनमध्ये सावेरिओ, जर्मनमध्ये क्साव्हर (मोट्सार्टच्या धाकट्या मुलाचे नाव फ्रांट्स क्साव्हर होते), पोलिशमध्ये क्सावेरी अशी त्याची रूपे आहेत. खाव्हिएरा हे स्त्रीनामही त्यावरूनच आले.

उच्चाराचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. संताच्या बालपणी या नावाचा आद्य वर्ण ‘श’सारखा उच्चारला जाई. सोळाव्या-सतराव्या शतकांत कॅस्टीलच्या भाषेत हा ध्वनी पालटून ‘ख’सारखा झाला, लेखनात मात्र ‘एक्स’ हे अक्षर टिकून राहिले व १८१५ च्या सुमारास स्पॅनिश अकादमीने त्याजागी ‘जे’ आणले. पोर्तुगीजने जुना ‘श’ सोडला नाही. बास्कमधील ‘शाबिएर’ या रूपातही तो आहे. परंतु फ्रँकोच्या राजवटीत (१९३९–७५) बास्क नावांच्या नोंदणीस मनाई असल्याने ते कागदोपत्री मागे पडले व नंतर पुन्हा प्रचारात आले. गोव्यात कोंकणी भाषिक संताला ‘शावियेर’ म्हणतात, तर मुंबईत १८६९ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे ‘झेव्हिअर’ हा इंग्रजी उच्चार मराठीत रुळला. यांपैकी गोव्यातील उच्चार मूळ नावास अधिक जवळचा होय.