केसांना काय, कुठे आणि किती लावावे? तेल, शाम्पू आणि कंडिशनर वापरण्याची योग्य पद्धत

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे पैनगंगेच्या खोऱ्यातले, मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेले तालुक्याचे गाव. कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे इथल्या किराणा दुकानातही शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारातच लटकलेल्या असतात. पर्याय भरपूर असले तरी तक्रारी ठरलेल्या असतात. शाम्पूला फेस येत नाही, केस राठ होतात, कोंडा जात नाही, भरपूर तेल लावूनही टोकांना फाटे फुटतात. अशा वेळी बहुतेक जण ब्रँड बदलून पाहतात. पण अनेकदा चूक बाटलीत नसते, ती लावण्याच्या पद्धतीत असते. टाळूला लावायची वस्तू टोकांना लागते आणि टोकांची वस्तू टाळूला.

टाळू जिवंत, केस निर्जीव

केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि तेवढाच भाग जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक सुमारे ५ वर्षांचे जुने असते. त्याने पाच उन्हाळे, शेकडो धुणी आणि हजारो वेळा फिरलेला कंगवा सोसलेला असतो. मुळाजवळचा केस मात्र कालपरवाचा, कोरा असतो.

यातून एक सोपा नियम निघतो. घाम, तेल आणि धूळ टाळूवर साचते, म्हणून शाम्पू टाळूसाठी. झीज टोकांकडे जास्त होते, म्हणून कंडिशनर खालच्या लांबीसाठी. केसाच्या प्रकारानुसार फक्त प्रमाण आणि वारंवारता बदलते.

आपले केस कसे ओळखावेत?

केस ओल्या अवस्थेत, काहीही न लावता वाळू द्यावेत. ते सरळ पडतात, नागमोडी होतात की वेटोळे घेतात, हे तेव्हा नीट दिसते. मग एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी धरून पाहावा. दोऱ्यापेक्षा खूपच बारीक असेल तर केस नाजूक, जवळपास तेवढाच भासला तर जाड.

टाळूची पाहणी वेगळी करावी. धुतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मुळाशी चिकटपणा आला तर टाळू तेलकट, चार दिवसांनीही कोरडेपणा आणि ओढ जाणवली तर कोरडी. टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी जोडी अगदी नेहमी आढळते. म्हणून ‘तेलकट केस’ किंवा ‘कोरडे केस’ असे एकच लेबल पाहून खरेदी केल्यास फसगत होते.

पाणी जड असेल तर

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच ठिकाणी जास्त असतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे, तेच हे जड पाणी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही केसांसाठी जड असू शकते.

घरी अंदाज घेणे सोपे आहे. अर्ध्या बाटली पाण्यात अंगाच्या साबणाचा किस टाकून हलवावे. फेस कमी आणि पाणी गढूळ झाले तर ते जड. असा साबण जड पाण्यात क्षारांशी मिळून चिकट साका तयार करतो आणि तो केसावर बसतो. म्हणून जड पाण्याच्या गावात अंगाच्या साबणाने डोके धुणे सर्वांत वाईट. शाम्पूतील आणि शिकेकाई-रिठ्यातील फेसाळ घटक असा साका करत नाहीत, पण क्षारांचा थोडा थर त्यांच्यानंतरही राहू शकतो.

त्यावर दोन उपाय आहेत. शाम्पूच्या घटकांत ‘ईडीटीए’ असेल तर तो क्षार धरून ठेवतो. किंवा शेवटचा एक-दोन तांबे पाणी उकळून गार केलेले किंवा साठवलेले पावसाचे वापरावे. उकळल्याने कठीणपणाचा काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो, सगळा जात नाही.

तेल: धुण्याआधी, बेताने

खोबरेल तेलाबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईतच झाला. मॅरिको या तेल कंपनीतील संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी फक्त खोबरेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी झाली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. अभ्यास तेल कंपनीचा होता, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष उपयोगी आहे, कारण त्यात तेलाचे काम स्पष्ट होते. ओला केस फुगतो आणि वाळताना आकसतो. तेल ही फुगण्याची क्रिया कमी करते.

म्हणून तेल धुण्याआधी अर्धा-एक तास, मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे. खांद्यापर्यंतच्या केसांना एक-दोन चमचे पुरतात. तेल टाळूत मुरून मुळांना ‘खाद्य’ देते, ही समजूत मात्र खरी नाही. मालिशने बरे वाटते, पण तो आराम बोटांच्या दाबाचा असतो.

शाम्पू आणि कंडिशनर

शाम्पूआधी केस पूर्ण भिजवावेत. शाम्पू तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात पातळ करावा आणि बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळावा, नखांनी नव्हे. लांब केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासू नयेत. खाली वाहणारा फेस टोकांसाठी पुरेसा असतो. भरपूर तेल लावलेले असेल तर एकदम जास्त शाम्पू घेण्यापेक्षा थोडा थोडा दोनदा घ्यावा.

झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधील घटक धनभारित असतात, त्यामुळे ते नेमके झिजलेल्या जागी चिकटतात. म्हणून तो निथळलेल्या केसांना, कानाच्या खालच्या भागाला लावावा, दोन-तीन मिनिटांनी धुवावा. टाळूला लावला तर केस चिपचिपीत होतात आणि दोष शाम्पूवर जातो. सिरम हे त्यानंतरचे. ओलसर केसांच्या टोकांना दोन-तीन थेंब बस होतात.

कोणत्या केसाला काय?

सरळ, नाजूक केस: टाळूचे तेल अशा केसावरून पटकन खाली उतरते. एक दिवसाआड शाम्पू चालतो. कंडिशनर हलका, फक्त टोकांना.

जाड, लांब केस: आठवड्यातून दोनदा धुणे पुरते. आधी तेल, नंतर कंडिशनर, दोन्ही लागतात. ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नये, ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो.

कुरळे केस: प्रत्येक वळणावर टाळूचे तेल अडते, त्यामुळे टोके कोरडीच राहतात. आठवड्यातून एक-दोनदा शाम्पू आणि कंडिशनर सढळ हाताने. कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवावा. कोरडे असताना विंचरल्यास केस पिंजारतात. पुसण्यासाठी जाड टॉवेलऐवजी जुने सुती कापड दाबून धरावे.

रंगवलेले किंवा सरळ करून घेतलेले केस: यांना कंडिशनर प्रत्येक धुण्याला हवा. रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. काळ्या मेंदीच्या नावाने मिळणाऱ्या पुड्यांतही पीपीडी हे रसायन असू शकते आणि त्याची ॲलर्जी तीव्र असते.

कोंड्यावर तेल नको

कोंडा म्हणजे बहुतेक वेळा कोरडेपणा नव्हे. टाळूवर राहणारी मॅलासेझिया ही बुरशी त्वचेतील तेलावर जगते. तेल चोपडल्याने खपल्या काही वेळ दिसेनाशा होतात, पण बुरशीला आणखी खाद्य मिळते. केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. तो टाळूवर ३ ते ५ मिनिटे ठेवणे गरजेचे आहे. लावून लगेच धुतला तर पैसे वाया जातात.

बाटली बदलून भागत नाही तेव्हा

रोज ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. बाळंतपण किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते आणि बहुधा आपोआप थांबते. रक्तातील लोह कमी असेल तर कोणतेही तेल कामी येत नाही.

विदर्भात याचे ठळक उदाहरण घडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अवघ्या काही दिवसांत लोकांना टक्कल पडू लागले. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण खूप जास्त आढळले आणि त्यांनी त्याचा संबंध खाण्यातील गव्हाशी जोडला.

म्हणून एकाच जागी चट्टा पडून केस जाणे, अचानक मुठीने केस येणे, टाळूवर पू किंवा जखमा होणे, किंवा घरातल्या अनेकांचे केस एकदम गळणे, यांपैकी काहीही दिसल्यास नवा शाम्पू आणण्याआधी सरकारी रुग्णालयात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. बाकी वेळी घरात आहे तीच बाटली योग्य जागी, योग्य प्रमाणात महिनाभर वापरून पाहावी. फरक पडला तर पैसे वाचतात, नाही पडला तर कारण वेगळे आहे हे तरी कळते.