धुरात टिकलेले वाण : मक्याच्या बियाण्याचा प्रवास

१/ अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये उभे राहिले. त्या काळी उल्हास नदीच्या खोऱ्यात मका कोणाला ठाऊक नव्हता. मग सातपुड्यात मक्याची भाकरी आली कोठून?

२/ मक्याची जन्मभूमी मेक्सिको. तेथील लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ‘टिओसिंटे’ नावाच्या रानगवतापासून हे पीक घडवले. १४९२ नंतर ते युरोपात गेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारतात आणले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

३/ होयसळ मंदिरांतील मूर्तींच्या हाती मक्याचे कणीस आहे, असा दावा १९८९ मध्ये झाला. इतर अभ्यासकांनी तो नाकारला. त्यांच्या मते ते कणीस नसून मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ होय.

४/ सातपुड्यातील भिल्ल-पावरा शेतकऱ्यांनी हे परके पीक आपलेसे केले. पांढरा, पिवळा, लाल, जांभळा असे वाण डोंगरउतारांवर रुजले. मात्र मक्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. शेजारच्या शेतात दुसरा वाण असेल, तर शुद्धता टिकत नाही. म्हणून बियाण्याची शेते दूर ठेवावी लागतात.

५/ निवडही काटेकोर असते. निरोगी ताटाचे भरदार कणीस आणि त्याच्या मधल्या भागातले दाणे बियाण्यासाठी राखतात. कणसे सोलपटासह चुलीवरच्या आढ्याला टांगतात. उबेने ओल उडते, धुराने सोंडकिडा दूर राहतो. सुटे दाणे राखेत मिसळून ठेवतात. बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने घटला, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा पुढे विज्ञानाने मांडलेला ठोकताळा.

६/ १९६१ मध्ये ‘गंगा’, ‘रणजित’, ‘डेक्कन’ हे संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले, तर तो जोम उरत नाही. बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. आढ्यावरची कणसे ओसरू लागली.

७/ एकसारखेपणाचा धोका १९७० मध्ये अमेरिकेत दिसला. बहुतांश संकरित मक्यात एकच आनुवंशिक घटक होता. पानांवरील करप्याने देशाचे सुमारे १५ टक्के पीक बुडवले.

८/ आज नंदुरबारच्या धडगाव भागात ‘बायफ’ संस्थेच्या साहाय्याने गावकऱ्यांनी मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या बियाणे बँका उभारल्या आहेत. बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. तथापि, दरसाल पेरले नाही तर कायद्यातला हक्क कागदावर उरतो आणि वाण नामशेष होतो.