रमाबाई, पंडिता : ख्रिस्तशिष्यत्व आणि सेवाकार्य

रमाबाई, पंडिता : (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२). संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार. ख्रिस्ती परंपरेत शिष्यत्व म्हणजे येशूची शिकवण मान्य करणे एवढेच नव्हे. त्याच्या मागे चालणे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपल्या अनुयायाकडून आत्मत्यागाची आणि वधस्तंभ उचलण्याची अपेक्षा करतो, तर योहानाच्या शुभवर्तमानात तो स्वतः शिष्यांचे पाय धुतो. अंतःकरणाचा पालट, दुःखाचा स्वीकार आणि नम्र सेवा ही शिष्यत्वाची तिन्ही अंगे रमाबाईंच्या चरित्रात एकमेकांत गुंतलेली दिसतात.

पूर्वायुष्य : त्यांचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्याइतकी उंची नसल्याने रमाबाईंनी ती डोक्यावर घेतली. त्यानंतर त्या व बंधू श्रीनिवास अनवाणी, उपाशी भटकत राहिले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून दोघे वाळूत खड्डे करून निजत.

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्या वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली.

ख्रिस्ती धर्माचा स्वीकार : सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली होती. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनीसंघात त्या राहिल्या. लंडनजवळच्या फुलहॅम येथे हा संघ समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना आश्रय देई. पतितेला इतक्या मायेने वागवले जाते हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. असे का, या त्यांच्या प्रश्नाला एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा वृत्तांत वाचून उत्तर दिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा स्वीकारली तरी बुद्धी त्यांनी गहाण टाकली नाही. चर्चच्या अधिकाराबाबत त्या भगिनींशी निर्भयपणे वाद घालीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावर लॅटिन शब्दांऐवजी संस्कृत शब्द असावेत असा त्यांचा आग्रह होता.

शारदा सदन आणि अंतःपालट : अमेरिकेतून मदत उभी करून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले, पुढील वर्षी ते पुण्यास हलले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत. १८९१ च्या सुमारास रमाबाईंना आपल्या विश्वासातील एक उणीव उमगली : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आलेला हा अनुभव त्यांच्या आत्मकथनाचा गाभा आहे. १८९३ मध्ये सदनात धर्मांतर होत असल्याच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. ‘केसरी’ वृत्तपत्राने टीका केली, सुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. एकट्या पडूनही त्यांनी काम थांबवले नाही.

मुक्ती मिशन : १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्या भुकेने त्यांचे घर उजाड केले होते, तीच तेथे हजारो मुलींच्या चेहऱ्यावर होती. शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना घर दिले. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, स्वयंपाक, शुश्रूषा, छपाई अशी कामे मुली शिकत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन व अंधांसाठी बार्तमी सदन होते. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली. येथे सेवा म्हणजे भिक्षा घालणे नव्हते. आलेली स्त्री पुढे दुसरीला शिकवू लागे.

बायबलचे भाषांतर : प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या स्त्रीला कळत नाही, हे पाहून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या. शास्त्रार्थात पंडितांना थक्क करणाऱ्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे सोप्या मराठीसाठी खर्ची घातली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. त्या आघातानंतरही रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

मूल्यमापन : धर्मांतरामुळे रमाबाईंना महाराष्ट्राच्या सुधारणा-इतिहासात दीर्घकाळ कडेला ठेवले गेले, तर मिशनरी साहित्याने त्यांच्या स्वतंत्र बाण्याकडे अनेकदा काणाडोळा केला. दोन्ही चित्रे अपुरी आहेत. त्यांची श्रद्धा आणि त्यांचे स्त्रीकार्य वेगळे काढता येत नाही. दुःख पवित्र आहे असे त्यांनी कधी शिकवले नाही. जे स्वतः सोसले ते दुसरीला सोसावे लागू नये, यासाठी त्या राबल्या. त्यांच्या शिष्यत्वाचे मोजमाप करायचे, तर ते त्या राबण्यातच शोधावे लागते.