यंत्रांच्या बोलण्याचे नियम



काळेवाडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात लहानमोठे कारखाने पसरले आहेत. एका वर्कशॉपात बोल्ट तयार होतो, दुसऱ्यात नट. दोन्ही मालकांची गाठभेटही झालेली नसते. तरी नट बोल्टावर बरोबर बसतो. कारण आटे पाडताना दोघांनी एकच माप पाळलेले असते. संगणकांचेही तसेच आहे. नुसती तार जोडल्याने दोन यंत्रे बोलू लागत नाहीत. पत्ता कसा लिहावा, पोचपावती कशी द्यावी, हे आधी ठरवावे लागते. या ठरलेल्या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

आपल्याकडे याची सुरुवात १९८६ साली 'अर्नेट' योजनेने झाली. तीत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच आय.आय.टी. सामील होत्या. मुंबईचे हे केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोनवरून टपाल सुरू झाले. नियम होता यू.यू.सी.पी. एका संगणकाने दुसऱ्यास फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा! १९८९ साली अमेरिकेशी कायमची लाईन जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे फार तर बाराशे इंग्रजी अक्षरे.

त्या काळी जगात दोन नियमावल्यांची चढाओढ होती. एक होती ओ.एस.आय., आंतरराष्ट्रीय मान्यतेची, पण अवजड. दुसरी टी.सी.पी.-आय.पी. सर्फ व कान या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिचा पाया १९७४ साली घातला. अर्नेटने प्रथम दोन्ही चालविल्या; पण १९९५ नंतर जवळजवळ सारी वाहतूक दुसरीवर आली. तिचे नियम कोणालाही फुकट वाचता येत, वापरता येत. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे त्यांवर एकत्र आली.

हे नियम करतात काय? समजा, एक लांबलचक पत्र पन्नास कार्डांवर लिहिले. प्रत्येक कार्डावर पत्ता घालून ते मुक्कामाकडे धाडणे हे आय.पी.चे काम. कार्डांना क्रमांक देणे, ती पलीकडे क्रमाने लावणे, हरवलेले कार्ड पुन्हा पाठविणे, हे टी.सी.पी.चे. डी.एन.एस. नावावरून आकडी पत्ता काढून देतो. एस.एम.टी.पी. ई-पत्र पोचवितो आणि एच.टी.टी.पी. मागितलेले पान आणून देतो.

सातबारा पाहताना किंवा पैसे पाठविताना पत्त्याच्या आरंभी 'एच.टी.टी.पी.एस.' असते. शेवटचा 'एस' म्हणजे पाकिटावरची लाख. वाटेत कोणाला मजकूर वाचता येत नाही. परंतु पाठविणारा सज्जन आहे, अशी हमी ती लाख देत नाही. ठकाचे पाकीटही लाखबंद असू शकते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना हे दोन्ही सांगा: नियम निरोप नीट पोचवितो, निरोप खरा की खोटा, हे मात्र माणसालाच पारखावे लागते.