यवतमाळ : कचेरी आणि कापूस यांनीं घडविलेलें शहर

शहराचा इतिहास म्हटला कीं, किल्ला, नदीचा घाट किंवा एखादें पुरातन देवस्थान आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. यवतमाळचा पाया यांपैकीं कशावरच नाहीं. येथें मोठी नदी नाहीं. चिंतामणीचें प्रसिद्ध देवालय आहे तें कळंबला. मग सुमारें १,४७६ फूट उंचीवरील या गांवीं जिल्ह्याचें ठाणें वाढलें कसें?

पहिला धागा नांवांतच आहे. ऐने-अकबरींत ‘योत-लोहारा’ या परगण्याचा उल्लेख येतो. लोहारा हें गांव शहराच्या पश्चिमेस जवळच आहे. ‘माळ’ हा ‘महाल’ म्हणजे परगणा या शब्दाचा अपभ्रंश होय, असें गॅझेटियरकार म्हणतात. डोंगरांची माळ ही व्युत्पत्ति कानास गोड लागते. परंतु जुना कागद महालाकडेच बोट दाखवितो.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. १८६४ सालीं आग्नेय वऱ्हाड हा जिल्हा झाला. पुढें त्याला नांव मिळालें वणीचें, पण कचेरी राहिली यवतमाळास! वणी जुनी खरी, परंतु ती पडली जिल्ह्याच्या पूर्व टोकास. १८९४ सालीं नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या शिरगणतींत वस्ती १०,५४५ भरली. १९०५ सालीं पुसद तालुका जोडला गेला, तेव्हां जिल्ह्यास यवतमाळचें नांव मिळालें.

कचेरीनें गांवास मान दिला. पैसा आणिला तो कापसानें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवीमुळें वऱ्हाडी कापसास विलायतेंत मागणी आली. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, तो मात्र धामणगांवावरून. यवतमाळचा माल २९ मैलांच्या पक्क्या सडकेनें तेथवर जाई. पुढें किलिक निक्सन कंपनीची मूर्तिजापूरकडील अरुंद गाडी आली. लोक तिला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणूं लागले.

या दोन धन्यांच्या गरजा निराळ्या. कचेरीस कोर्ट, खजिना, तुरुंग व साहेबांचे बंगले हवेत. जिनास हवें ऐसपैस आवार. कारण गाड्यांच्या रांगा उभ्या राहाव्या लागतात, आणि आगीच्या भयानें कापसाचे ढीग दूर दूर ठेवावे लागतात. जिनांत सरकी निघते, प्रेसमध्यें रुई दाबून गांठी बांधतात. म्हणूनच कापसाच्या पेठांत टिनाच्या लांबलचक पडव्या आणि उंच धुराडीं दिसत. या इमारतींवर नक्षी नाहीं. त्यामुळें त्यांना वास्तुकला मानावें, असें फारसें कोणास वाटत नाहीं.

आणि धोका तेथेंच आहे. देवळाचा चिरा निखळला तर गांव हळहळतो; जिनाचें आवार विकलें गेलें तर केवळ भूखंडाचा भाव विचारला जातो. शकुंतला थांबली आहे. रुंद लोहमार्ग २०२४ सालीं वर्ध्याहून कळंबपर्यंत येऊन पोंचला. नव्या मार्गाचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु जुन्याची नोंद राहिली नाहीं, तर हें शहर येथें कां वसलें, हेंच पुढील पिढीस उमगणार नाहीं.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या कापसानें या पेठा उभारल्या, तो पिकविणारा शेतकरी याच जिल्ह्यांत कर्जापायीं जीव देत आला आहे. शहराच्या इतिहासांत त्याचाही अध्याय हवा. शाळा-कॉलेजांनीं विद्यार्थ्यांकरवीं जुन्या आवारांचे नकाशे काढवावे. वृद्ध हमालांच्या व गाडीवानांच्या आठवणी लिहून घ्याव्या. यास मोठा खर्च लागत नाहीं. मात्र हें काम भिंती उभ्या आहेत तोंवरच व्हावयास हवें.