बरणीबंदी, घरगुती

बरणीबंदी, घरगुती : अन्न काचेच्या बरणीत भरायचे, झाकण लावून बरणीसकट ठरावीक वेळ तापवायचे आणि मग बाहेरच्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवायचे, ही अन्नपरिरक्षणाची रीत. कारखान्यात पत्र्याच्या डब्यात हेच केले की ती डबाबंदी. कोकणात रसाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या आंब्याला ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणतात तो तिच्यामुळेच. तापलेली बरणी गार होऊ लागली की आतली वाफ आकसते, झाकण आत ओढले जाते आणि बारीकसा ‘टक्’ आवाज येतो. तो ऐकला की हवा गेली, आता काही बिघडत नाही, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत धोक्याची आहे. बरणीतल्या अन्नाचा सर्वांत घातक शत्रू हवा नसलेल्या जागीच वाढतो. घट्ट झाकण त्याला अडवत नाही, उलट आयते घर देते. त्याला अडवण्याचे मुख्य काम पदार्थातला आंबटपणा करतो, आणि कोणती बरणी कशी तापवायची हे त्या आंबटपणावरूनच ठरवावे लागते.

हवेला दोष देण्याची सवय या रीतीच्या जन्मापासूनची आहे. फ्रान्समधले मिठाईवाले निकोला आपेर यांनी बाटल्यांत अन्न भरून, बुचे मारून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली. तिच्यासाठी त्यांना १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. अन्न टिकते हे त्यांनी दाखवले. पण ते सूक्ष्मजंतू मेल्यामुळे टिकते, हे लुई पाश्चर यांच्या कामातून उलगडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. तोवर अमेरिकेत जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले होते आणि बरणीबंदी घरोघर पोचू लागली होती. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांतले तिघे दगावले. त्या मांसातून एमील व्हॅन एरमेंगेम यांनी वेगळा काढलेला जंतू आज क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या नावाने ओळखला जातो. त्याचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारे संदेश तोडते. आधी पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळता येत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

हा जंतू प्रतिकूल काळात कणखर बीजाणूंच्या रूपात राहतो. बीजाणू मातीत सगळीकडे असतात, म्हणून भाजी कितीही धुतली तरी थोडे उरतातच. १०० अंश सेल्सियसला ते तासन्‌तास तग धरतात. त्यांना खात्रीने मारायला बरणीच्या मध्यभागी १२१ अंश उष्णता सुमारे ३ मिनिटे लागते. साधे पाणी उघड्या भांड्यात तेवढे कधीच तापत नाही. मात्र पदार्थाचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी असला, म्हणजे तो पुरेसा आंबट असला, तर बीजाणू जिवंत असूनही रुजत नाहीत. मग उकळत्या पाण्याचे काम फक्त बुरशी, यीस्ट आणि साधे जंतू मारण्यापुरते उरते. कैरी, आवळा, कोकम, अननस, लिंबू हे या रेषेच्या सुरक्षित बाजूला. मटार, मका, बटाटा, शेंगभाज्या, मांस, मासे हे स्पष्टपणे पलीकडे; त्यांच्या बरण्यांना दाबाखालच्या वाफेने तापवणारे दाबयंत्रच लागते. टोमॅटो नेमका काठावर बसतो, आणि हापूस जसजसा जास्त पिकतो तसतसा त्याचा आंबटपणा उतरतो. त्यामुळे टोमॅटोच्या अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालण्याचा दंडक आहे. तो चवीसाठी नाही, तेव्हा गोडीला बाधा येते म्हणून ते वगळू नये. हवी तर वरून साखर घालावी.

पिढ्यान्‌पिढ्या बरण्या भरल्या, कोणाला काही झाले नाही, हा आक्षेप आपल्याकडे हटकून येतो, आणि तो खराही आहे. पण त्या बरण्यांत काय होते? लोणचे, मुरांबा, साखरांबा, खारातल्या मिरच्या. चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ठेवलेले लोणचे हवाबंद नव्हतेच. त्याला मीठ आणि कैरीचा आंबटपणा राखत होते. साधारण १० टक्के मिठात या जंतूचे घातक प्रकार वाढू शकत नाहीत, आणि जिथे मिठावरच भिस्त आहे अशा खारातल्या लोणच्यात भारतीय मानके किमान १२ टक्के मीठ मागतात. मुरांब्यात साखर पाणी धरून ठेवते, जंतूच्या वाट्याला ते येऊ देत नाही. परंपरेची ही पुण्याई मटारच्या बरणीला लागू होत नाही. रक्तदाबासाठी मीठ निम्मे केलेल्या लोणच्यालाही ती पुरी पडेल असे धरू नये. ते फ्रीजमध्ये ठेवावे. तेलाचा तवंग वरची बुरशी रोखतो, जंतू मारत नाही. १९८५ मध्ये व्हँकूवरला फ्रीजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले.

दुसरा आक्षेप कुकरचा : घरच्या कुकरमध्येही आत १२१ अंशांच्या आसपास उष्णता होते, मग वेगळे यंत्र कशाला? कारण बरणीबंदीच्या तक्त्यांतली वेळ मोठ्या, जाड दाबयंत्रासाठी काढलेली असते. ते सावकाश तापते आणि सावकाश निवते, आणि तो काळही हिशेबात धरलेला असतो. छोटा कुकर झटकन निवतो. शिवाय आतली हवा आधी १० मिनिटे वाफेबरोबर बाहेर काढली नाही तर दाब पुरेसा असूनही उष्णता कमी पडते. उंचीचाही फरक पडतो : दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि पुण्यातही समुद्रकाठचा तक्ता जसाच्या तसा चालत नाही.

वास घेऊन, चाखून कळेल, हे म्हणणे तर सोडूनच द्यावे. झाकण फुगले, फेस आला तर बरणी टाकावीच. पण काही न दिसणे म्हणजे विष नाही असे नव्हे. विष १० मिनिटे खळखळ उकळल्यावर नष्ट होते हे खरे, परंतु थंडच खायच्या पदार्थाला कोण उकळत बसते? एप्रिल २०१५ मध्ये ओहायो राज्यातल्या लँकेस्टरला चर्चच्या सहभोजनात बटाट्याच्या सॅलडमुळे २९ जणांना बॉट्युलिझम झाला आणि एक जण दगावला. बटाटे घरी बरणीबंद केलेले होते, दाबयंत्राऐवजी उकळत्या पाण्यात. असे प्रसंग विरळा असतात, पण एक बरणी सबंध पंगतीला पुरते. दाबयंत्र नसेल तर मटार, मका आणि मांस बरणीत भरू नये. त्यांची जागा उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे.